आजचं चिंतन : माऊलींनीही वाट विचारली



रिसोडला काकड्याच्या भजनात बसणारा एक मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. काल त्याचा फोन. "दादा, अभंगांची वही फाडून टाकतो. सगळं तुकोबांनी आधीच म्हटलंय. माझं असं काही उरतच नाही."

म्हटलं, थांब. ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय शेवटाकडून वाच. शके १२१२ मध्ये नेवाशाला एवढा ग्रंथ पूर्ण करताना माऊली सांगतात, मी व्यासांच्या मागावरून चाललो, भाष्यकारांना वाट विचारत चाललो. श्रेय तर सगळं निवृत्तिनाथांना! आणि तरी बघा ना, गीतेचे श्लोक ७००, इकडे ओव्या ९ हजारांच्या घरात. त्यातले कितीतरी दृष्टांत गीतेत शोधूनही सापडत नाहीत.

मग चोरी कुठे होते? ज्याला वाट विचारली त्याचं नावच गिळून टाकलं की. हे जरा कडकच बोललो, कारण त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या पानांत दोन ओळी सरळ उचललेल्या होत्या. त्या खोड म्हटलं.

पण एक अभंग वेगळा होता. सोंगणीला उशीर झाला की सोयाबीनची शेंग उभ्या शेतात तडकते, दाणा मातीत जातो. तसं म्हातारपणावर ढकललेलं नाम. तुकोबांच्या देहूत सोयाबीन कुठून असणार?

"ते आमच्या बाबांचं आहे, दादा," तो म्हणाला, आणि बराच वेळ काही बोललाच नाही.