डाग कुणाच्या माथी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरगुती वस्तूंच्या जाहिरातींनी बाईला एका दमात दोन गोष्टी सांगितल्या: तुझे कष्ट आम्ही वाचवतो, आणि घरात काही उणे राहिले तर दोष तुझा. पहिली गोष्ट मोठ्या अक्षरात होती. दुसरी चित्रात होती, आणि ती जास्त खोल रुजली.

भारतात या जाहिरातींना खरा बहर आला तो १९५९ नंतर. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी हिंदुस्थान लीव्हरने सर्फ बाजारात आणले आणि मुंबईत हॉकिन्स कुकरची कंपनी उभी राहिली. या घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण भट्टीमुळे जे नवे घर तयार झाले, तेच सर्फला आणि कुकरला हवे होते. महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार, कंपनीचे क्वार्टर, नळाचे पाणी, आणि सासू दूर गावी. रायपूर आणि भिलाई यांच्या मधोमध, मुंबई–हावडा रेल्वेमार्गावर असलेल्या कुम्हारीसारख्या गावांतही हळूहळू तेच राहणीमान झिरपत गेले. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो सारा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्यामुळे नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे इथे आधीपासून होती. कारखान्याने त्यांत भर घातली.

या घरातल्या धुण्याकडे जरा जवळून पाहावे. भट्टीवरून उतरलेल्या माणसाच्या कपड्यांवर लोखंडाची तांबूस धूळ, वंगण आणि घाम यांचा थर असतो. हे कपडे आधी सोड्याच्या पाण्यात भिजत पडतात, मग ब्रशने घासले जातात, आणि तरी कॉलरचा काळा पट्टा पूर्ण जात नाही. जाहिरातीतला डाग मात्र बहुधा शाळकरी मुलाच्या सदऱ्यावरचा शाईचा असे, नाहीतर साहेबाच्या शर्टावरचा चहाचा. तो एका फेसात निघून जाई. ज्या घरातला डाग तसा निघत नसे, तिथल्या बाईने काय समजायचे? पावडर कमी पडली असे कुणी म्हणत नसे. तिचे हात कमी पडले, असाच अर्थ निघे.

ही रीत महायुद्धाच्या आधीच सुरू झाली होती. १९३७ मध्ये आलेल्या डालड्यापुढे एक अवघड काम होते: साजूक तुपाचा अभिमान बाळगणाऱ्या घरात वनस्पती तूप शिरवायचे. त्यासाठी गावोगावी गाड्या फिरल्या, पदार्थ तळून लोकांना चाखायला दिले गेले. पुढे पाककृती पुरवणारी सल्लासेवाही सुरू झाली. त्या जाहिरातींचा रोख आईवर असे. मुलांना पुरेशी ताकद मिळते का, जीवनसत्त्वे मिळतात का, हा प्रश्न तिला विचारला जाई. बापाला तो कधी विचारल्याचे आढळत नाही. ताडाचे झाड छापलेला तो पिवळा डबा रिकामा झाल्यावर कुणाकडे डाळीचा झाला, कुणाच्या अंगणात तुळशीची कुंडी झाला. माल संपल्यावरही कंपनीचे नाव घरात राहिले.

सौंदर्याचा साबण दुसऱ्या वाटेने आला. १९४१ साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. त्या जाहिरातीत दिसलेल्या पहिल्या भारतीय अभिनेत्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. धारवाडच्या, पदवीधर, मुलाबाळांच्या आई असूनही चित्रपटात काम करणाऱ्या या मराठी बाईंचे धैर्य त्या काळात मोठे होते. जाहिरातीत मात्र त्या धैर्यातले काही उतरले नाही. उतरली ती फक्त त्वचा.

मराठी घरांत हे सगळे मासिकांच्या पानांतून येत होते. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० मध्ये सुरू केलेल्या ‘स्त्री’ मासिकाने बायकांचे शिक्षण, विवाहातली विषमता, विधवांचे प्रश्न यांवर धीटपणे लिहिले. मासिक चालवायचे तर जाहिराती घ्याव्या लागतात, आणि साबण, तेल, टॉनिक यांच्या जाहिरातींतली बाई तशीच राहिली. एकाच अंकात दोन बायका शेजारी शेजारी होत्या. एकीला प्रश्न पडत होते, दुसरीला फक्त उणिवा दिसत होत्या. याच किर्लोस्कर परिवारातून १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले. वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवणाऱ्या या पुस्तकाच्या लेखिकेला पुढे लाख सुनांची सासू म्हटले गेले. घरापासून दूर, नव्या क्वार्टरात एकटीने संसार मांडणाऱ्या मुलीला जे ज्ञान हवे होते, ते इथे धाक न घालता मिळाले. घरकामाविषयी बाईशी असेही बोलता येते, हे त्यातून दिसते, आणि म्हणूनच जाहिरातींचा धाक अधिक खुपतो.

या धाकामागे अभ्यास होता, हे अमेरिकेत उघड झाले. बेटी फ्रिडन यांनी १९६३ च्या ‘द फेमिनिन मिस्टीक’ या पुस्तकात विक्रीसाठी केलेल्या मानसशास्त्रीय पाहण्यांचा तपशील दिला आहे. १९४५ च्या एका पाहणीत गृहिणींचे तीन गट पाडले होते. नोकरी-व्यवसायाकडे ओढा असलेली बाई विक्रेत्यांना गैरसोयीची वाटली. बाहेरचे थोडे जग पाहिलेली, यंत्रे आनंदाने वापरणारी, पण घर आपल्याच हातांनी चालले पाहिजे असे मानणारी बाई सर्वांत चांगली गिऱ्हाईक ठरली. अशा बायका वाढाव्यात, असाच सल्ला देण्यात आला. म्हणजे बाईच्या मनातला अपराधीपणा आपोआप आलेला नव्हता, त्याची मशागत झाली होती. पुढे १९८३ मध्ये रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी दाखवून दिले की यंत्रे आली तरी अमेरिकन गृहिणीचे कामाचे तास फारसे घटले नाहीत. आठवड्यातून एकदा बदलायचा सदरा रोज बदलला जाऊ लागला. अंगमेहनत कमी झाली आणि स्वच्छतेची पातळी वर गेली.

भारतात जाहिरातीचा आवाज घरात शिरायला वेळ लागला. आकाशवाणीवर जाहिरातींना जागा नव्हती, म्हणून त्या रेडिओ सिलोनवरून येत. १९६७ मध्ये आकाशवाणीच्याच विविध भारतीने मुंबई, पुणे आणि नागपूर इथून जाहिराती सुरू केल्या. दूरदर्शनवर त्या १९७६ पासून दिसू लागल्या. रायपूरच्या परिसराला मात्र त्याआधीच वेगळा टीव्ही भेटला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शिक्षणाचा जो प्रयोग ६ राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत झाला, त्यात रायपूरकडची गावे होती. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे विषय त्या पडद्यावर येत, आणि विकण्यासारखे काही नसे. पडदा बाईशी विद्यार्थिनी म्हणून बोलत होता. काही वर्षांतच तो गिऱ्हाईक म्हणून बोलू लागला.

आणि मग ललिताजी आल्या. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत सुरू केलेली निरमा पावडर सर्फच्या कितीतरी कमी किमतीत मिळत होती. १९८०च्या दशकात खपात तिने सर्फला मागे टाकले. त्यावर सर्फसाठी अलिक पदमसी यांच्या लिंटास या जाहिरातसंस्थेने कविता चौधरी यांना ललिताजी म्हणून पुढे आणले. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, ठसठशीत कुंकवाची, साडीतली बाई. अडाणी नाही, लाडिक नाही, कुणाला घाबरणारी नाही. अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीच्या बरोबरीचे, हा हिशेब ती ठणकावून मांडते. भारतीय जाहिरातीत बाईच्या बुद्धीला इतका मान क्वचितच मिळाला होता, आणि तो मान खरा होता. तरीही त्या जाहिरातीत महाग पावडर का घेता, हे विचारणारा आवाज पुरुषाचा आहे. तो पडद्यावर दिसत नाही, पण जाब मागतो. ती जाब देते, आणि उत्तम देते. पैशाचा खुलासा तिनेच करायचा आणि धुणेही तिनेच, हे त्या हुशारीआड झाकून गेले. त्याच सुमारास प्रेस्टिज कुकरच्या जाहिरातीने नवऱ्याला बोलावले. बायकोवर प्रेम असेल तर कुकर घेऊन दे, असा त्या जाहिरातीचा मथितार्थ. प्रेम दुकानात सिद्ध झाले, ओट्यापाशी कुणी उभे राहिले नाही.

२००५ च्या सुमारास सर्फ एक्सेलने डाग चांगले असतात असे म्हणायला सुरुवात केली. चांगल्या कामात मळलेल्या मुलाला बोलणी बसू नयेत, हा विचार मनाला भिडणारा आहे. मूल दोषमुक्त झाले. कपडे अजून आईकडेच आहेत. २०१५ मध्ये एरियलने धुण्यात पुरुषांचाही वाटा हवा असे थेट म्हटले, तेव्हा पहिल्यांदा विषयाला हात लागला. जून २०२२ मध्ये जाहिरातींच्या स्वनियमन परिषदेने मार्गदर्शक सूचना काढल्या. घरातल्या साऱ्यांनी पसारा करायचा आणि तो आवरायची जबाबदारी एकट्या बाईची, असे दाखवणे त्यात चुकीचे ठरवले आहे. घराघरांतली स्थिती २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत नोंदली गेली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटे घालवत होत्या. पुरुषांत असे काम करणारे मुळातच थोडे होते, आणि जे करत त्यांची मिनिटे ९७.

कुम्हारीसारख्या गावात आज किराणा दुकानाच्या दारावर पावडरीच्या छोट्या पुड्यांच्या लडी लोंबतात. किलोचा पुडा परवडत नाही अशा रोजंदारीवरच्या बाईसाठी त्या आहेत. घरात एक पहाटेच्या पाळीला जातो, दुसरा रात्रपाळीहून येतो, आणि ज्याच्या त्याच्या वेळेला गरम जेवण लागते. ती स्वतः काम आटोपून येताना दोन पुड्या तोडून घेते, आणि अंधार पडायच्या आत बादली भरून कपडे भिजत घालते.