परक्याच्या रागाची मुखत्यारी

राग कुणाचा असतो? ज्याच्यावर बेतलं त्याचा, की शेजारी बसून बघणाऱ्याचाही? आपण कार्यकर्ते हे विचारतच नाही. कुणावर अन्याय झाला की त्याच्याआधी आपलंच डोकं तापतं. तो गप्प, आपण पेटलेले. हा प्रश्न मला कुठल्या ग्रंथानं नाही, एका गोऱ्या पोरीच्या गाण्यानं घातला.

लूसी डेकस तिचं नाव. जन्म १९९५चा. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराच्या आसपास वाढलेली. जून २०२१मध्ये तिचा तिसरा अल्बम आला, 'होम व्हिडिओ'. मॅटाडोर या स्वतंत्र कंपनीनं काढलेला. जुन्या डायऱ्या चाळून तिनं वयात येण्याची गाणी लिहिली. चर्चची उन्हाळी शिबिरं, मैत्रिणी, पहिली प्रेमं. भाच्याच्या मोबाईलवर मला तो सापडला. माझं इंग्रजी बेताचं, म्हणून शब्द समोर धरून ऐकला.

त्यात 'थम्ब्स' नावाचं गाणं आहे. थम्ब्स म्हणजे अंगठे. गोष्ट एवढीच: मैत्रिणीचा दुरावलेला बाप गावात येतो, भेटू म्हणतो. बारमध्ये बसतात. लेक हसतमुखानं बोलते. शेजारची ही मात्र आतून जळते. आपल्या अंगठ्यांनी त्या बापाचे डोळे फोडायचं चित्र तिच्या मनात चालू. ढोल नाही, दणदणाट नाही. एक संथ सूर आणि थंड आवाज. म्हणूनच अंगावर काटा येतो. आरडून म्हटलं असतं तर सगळं नाटकी झालं असतं.

पण या खुनशी रागाला एक अट आहे. मैत्रिणीनं हो म्हटलं पाहिजे. ती अट काढून टाका, उरते नुसती मर्दुमकी.

कुणी म्हणेल, हा भेकडपणा झाला. अन्याय करणारा परवानगी घेतो का? मग रागानं का घ्यावी? बरोबर आहे गड्या, रागाला परवानगी लागत नाहीच. हाताला लागते. त्या बापाच्या दोन मुस्कटात ठेवून तू घरी जाशील, वर चार जणांत शेखी मिरवशील. नंतरचे फोन कुणाला येणार? नातेवाईक कुणाला टोचून बोलणार? त्या पोरीलाच ना! आणि ती हसली म्हणजे लाचार होती, हे ठरवणारा तू कोण? तो तासभर निभावून नेणं हीच तिची लढायची रीत असेल.

याच अल्बममधल्या 'क्रिस्टीन' या गाण्यापाशी मात्र माझी ही मांडणी जरा अडखळते. मैत्रिणीनं त्या पोराशी लग्न केलंच, तर भर लग्नात वेदीवर जोडा भिरकावीन, असं गाणारी बजावते. इथं परवानगी-बिरवानगी काही नाही. पण आपली शोभा होईल, मैत्रिणीच्या मनातून आपण उतरू, हे तिनं आधीच मोजून ठेवलंय. किंमत स्वतःच्या खिशातून. एवढी तयारी असेल तर तो जोडा मला मान्य आहे.

'थम्ब्स'च्या शेवटी ती मैत्रिणीला सांगते की या बापाचं तू काही देणं लागत नाहीस. गाणारी स्वतः दत्तक घेतलेली आहे. त्यामुळे रक्ताच्या नात्याबद्दलचे हे बोल तिच्या तोंडी नुसते धीराचे वाटत नाहीत.

आणखी एक. हे गाणं ती २०१८पासून कार्यक्रमांत म्हणत होती आणि ऐकणाऱ्यांना विनवत होती, रेकॉर्ड करू नका. लोकांच्या हातात ते तिनं दिलं मार्च २०२१मध्ये. मधली ती वर्षं मला गाण्याइतकीच मोलाची वाटतात. आपल्याकडे दुसऱ्याचं दुःख दुपारी कळतं आणि संध्याकाळच्या भाषणात येतं, नावागावासकट. तिच्या गाण्यात मैत्रिणीचं नाव नाही. बापाचंही नाही.