जुनी मोटार आणि विक्रेत्याचे मौन

मनुष्याची नीती बाजारात जितकी उघडी पडते तितकी ती देवळात पडत नाही, हे वचन कोणी बोलले नसेल तर बोलावयास हवे होते. देवळात सर्वच सज्जन असतात. पण जेथे एकास ठाऊक आहे आणि दुसऱ्यास ठाऊक नाही अशा दोघांत पैशाचा व्यवहार होतो, तेथे सज्जनपणाची खरी परीक्षा असते. त्या परीक्षेचे एक उदाहरण म्हणून अमेरिकेतील जुन्या ‘मसल कार’ मोटारींची खरेदी आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय पाहून कित्येकांस नवल वाटेल. परंतु जो प्रश्न येथे उद्भवतो तो मोटारीपुरता नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल अशी आम्हांस आशा आहे.

मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे बलाढ्य एंजिन बसविले की मसल कार होते. १९६४ साली पाँटिॲक कंपनीने काढलेली जी. टी. ओ. ही या जातीची आद्य गाडी, असे सामान्यतः मानतात. मध्यम गाड्यांत किती मोठे एंजिन घालावे यावर जनरल मोटर्सचे स्वतःचेच बंधन होते. तेव्हा ३८९ घन इंचांचे एंजिन हे स्वतंत्र गाडी म्हणून न देता टेंपेस्ट-लमाँ या गाडीवरील ऐच्छिक जोड म्हणून देण्यात आले, आणि बंधन तसेच राहून गाडी बाजारात आली. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या. पुढे विम्याचे चढते दर, १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी त्या युगाचा शेवट केला. जे उरले ते दुर्मिळ झाले, आणि दुर्मिळ होताच मौल्यवान झाले.

आता अशी गाडी प्रथमच घेऊ इच्छिणाऱ्या मनुष्याची कल्पना करावी. तो लोहचुंबक घेऊन मागील चाकांच्या कमानींवरून आणि दारांच्या खालच्या कडांवरून फिरवितो. कारण जेथे चुंबक चिकटत नाही तेथे पत्रा गंजून गेला आहे आणि त्याच्या जागी लांबी भरून वर रंग दिला आहे, असे समजावे. तो सामानाच्या कप्प्यातील गालिचा उचलून तळ पाहतो, गाडीखाली पडून सांगाडा पाहतो. एंजिन थंड असतानाच ते सुरू करावे असा आग्रह धरतो. कारण आधीच तापवून ठेवलेले एंजिन आपले पुष्कळ दोष झाकते. निळा धूर निघाला तर तेल जळते आहे हे त्यास कळते. मैल मोजणारे यंत्र पाचच आकडी असल्यामुळे ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येते, हेही तो विसरत नाही. हे सर्व दोष लोखंडाचे आहेत. डोळस मनुष्यास ते सापडतात आणि पैसा खर्चून दुरुस्तही होतात.

पण दुसरा एक दोष आहे, तो लोखंडात नसतो. जी. टी. ओ. ही प्रथम ऐच्छिक जोड असल्यामुळे १९६४ व १९६५ च्या गाड्यांच्या ओळख-क्रमांकावरून ती मूळची जी. टी. ओ. आहे की साधी लमाँ, हे कळतच नाही. १९६६ पासून मात्र क्रमांकाच्या आरंभीचे २४२ हे आकडे ते सांगतात. शेव्हरोलेच्या शेव्हेल एस. एस. गाडीचे नेमके उलट झाले: १९६६ ते १९६८ पर्यंत १३८ हे आकडे तिची साक्ष देतात, आणि १९६९ पासून ती ऐच्छिक जोड झाल्यामुळे ती साक्ष नाहीशी होते. मग साध्या शेव्हेलला एस. एस. ची चिन्हे, बैठकी आणि एंजिन चढविणे कुशल कारागिरास अवघड नाही. एंजिनावर ठोकलेले आकडे घासून तेथे नवे ठोकणारेही निघतात. कारखान्यात त्या पृष्ठभागावर उमटलेल्या बारीक समांतर रेघा यात पुसल्या जातात खऱ्या. परंतु एंजिनाच्या प्रामाणिक दुरुस्तीतही त्या पुसल्या जातात, म्हणून केवळ तेवढ्यावरून कोणास चोर म्हणता येत नाही. अखेर कारखान्याचा एखादा जुना कागद, जो कित्येकदा बैठकीच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो, तोच खरा साक्षीदार ठरतो.

येथे तत्त्वजिज्ञासू वाचक विचारील की, दोन्ही गाड्या दिसण्यात सारख्या, वेगात सारख्या, आवाजातही सारख्या असतील तर एकीस दुसरीच्या कितीतरी पट किंमत का द्यावी? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षूने मिलिंद राजास रथाविषयी असाच प्रश्न केला आहे. आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, सर्व भागांची रासही रथ नव्हे. तर रथ हे या सर्वांच्या आश्रयाने चालणारे एक नाव आहे, असा त्या संवादाचा निष्कर्ष आहे. मग ‘अस्सल’ हेही एक नावच नव्हे काय?

आमच्या मते ते नावच आहे. पण म्हणूनच ते पवित्र आहे. वस्तू जर केवळ लोखंड असती तर खोटे बोलण्यास जागाच राहिली नसती. ग्राहक येथे लोखंडाखेरीज एक हकीकत विकत घेतो: ही गाडी अमुक साली, अमुक कारखान्यातून, अमुक एंजिनासह बाहेर पडली. ती हकीकत खरी असेल तर तिची किंमत द्यावी की न द्यावी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. खोटी असेल तर तो चोरीचा प्रश्न आहे. ‘ही मूळची साधी गाडी, मी तिला एस. एस. सारखी सजविली’ असे सांगून विकलेली प्रतिकृती ही पूर्ण प्रामाणिक वस्तू होय, आणि तीच वस्तू मौन धरून विकली की लबाडी होते. पत्र्यात तिळमात्र फरक न होता पाप कोठून आले? ते विक्रेत्याच्या मौनातून आले.

मौन म्हणजे लबाडी नव्हे, असा पक्ष फार जुना आहे. सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात बाबिलोनचा डायोजिनीस व त्याचा शिष्य अँटिपेटर यांचा वाद दिला आहे. घराचे दोष विक्रेत्याने आपण होऊन सांगावेत काय? न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे, असे गुरू म्हणतो. सर्व सांगितलेच पाहिजे, असे शिष्य म्हणतो. आणि सिसेरोचा कौल शिष्याकडे आहे. आपल्याकडेही मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात भेसळीचा माल शुद्ध म्हणून, निःसत्त्व माल चांगला म्हणून, किंवा दोष झाकून माल विकू नये असे सांगितले आहे. मनूचे सर्वच सांगणे आज कोणी मान्य करणार नाही, पण या एका बाबतीत रोमचा वक्ता व भारताचा स्मृतिकार एकमेकांस न ओळखता एकाच बाजूस उभे आहेत.

ग्राहक मात्र अगदीच निर्दोष असतो, असेही आम्ही म्हणणार नाही. तरुणपणी रस्त्यावर पाहिलेली गाडी उतारवयात समोर उभी राहिली म्हणजे हातातील चुंबक खिशात जाते. जाणत्या मित्राने दाखविलेली खोट त्यास मत्सर वाटते, आणि विक्रेत्याचा गोड शब्द पुरावा वाटतो. फसविणारा एक असतो, पण फसण्यास दोघे लागतात.

आणि खरी कसोटी तर याच्याही पुढे आहे. गाडी घरी आली, दोन वर्षे गेली, आणि एके दिवशी कोणी जाणकाराने दाखविले की एंजिनावरचे आकडे मागाहून ठोकलेले आहेत. ज्याने आयुष्याची शिल्लक त्यात घातली त्याने आता काय करावे? पुढील ग्राहकास सांगितले तर मोठे नुकसान. न सांगितले तर नुकसान नाही, उलट फायदाच. ‘मी फसलो, त्यात माझा काय अपराध?’ असे त्याचे मन म्हणते. अपराध नव्हता हे खरे. पण ज्या क्षणी त्यास कळले त्या क्षणी तो फसलेला उरला नाही, जाणता झाला. आता तो जर गप्प बसला तर त्याचे दुःख हेच त्याचे पाप होईल. जगातील पुष्कळशी लबाडी दुष्टांनी निर्माण केलेली नसते. फसलेल्या सज्जनांनी ती हातोहात पुढे दिलेली असते.

नुकसान सोसावयाचे म्हणजे ते कोठे तरी थांबले पाहिजे, आणि जेथे कळले तेथेच ते थांबणे न्याय्य आहे. ज्याने त्यास विकले त्याच्याकडे त्याने अवश्य दाद मागावी. पण पुढच्या मनुष्याकडून ती वसूल करू नये. असा एखादा मनुष्य गाडी विकताना खरा कागद व खरी हकीकत ग्राहकाच्या हाती ठेवील, तर गाडी पूर्वी होती तशीच नकली राहील. पण त्या दिवसापासून तिच्याविषयी सांगितली जाणारी गोष्ट मात्र अस्सल होईल. मनुष्याच्या हातून वस्तूस याहून अधिक अस्सलपणा देता येत नाही, असे आम्हांस वाटते.