करणारा कोण, करवून घेणारा कोण?



घरोघरी मुलं-सुना 'प्रोजेक्ट मॅनेजर' आहेत, पण ती नेमकं करतात काय, हे आम्हा आयांना सांगता येत नाही. आपल्या उज्जैनचंच बघा ना. महाकालाचं मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. दगड घडवले पाथरवटांनी, चुना कालवला मजुरांनी. मग दिवाणांचं काय? कुणाचं काम अडू नये, ही काळजी त्यांची.

काम फसलं तर बोल एकट्याला, जमलं तर श्रेय सगळ्यांना. हा न्याय का? आम्हाला वाटतं, हो. कारण शब्द त्याने दिलेला असतो, घाम मात्र सगळ्यांचा असतो.

२०२८ च्या सिंहस्थात सेवेची यादी ज्याच्या हाती, त्याने पंगतीला शेवटी बसावं.

जय गुरुदेव!