मैदान पुढे ढकलताना

एप्रिल 2016. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून दहा वाघिणी भरून पाण्याची गाडी निघाली आणि 12 तारखेला लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. तो निर्णय मला तेव्हा पटला, आजही पटतो. पण मैदानाच्या हिरवळीवर न मारलेलं पाणी आपोआप लातूरच्या घागरीत पडत नाही. त्याला मिरजेची गाडीच लागते.

तीन वर्षांनी पाणी पाठवणारा हाच मुलूख बुडाला. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नावच उलटली. मुंबईत काही मोठ्या आयोजकांनी त्या वर्षीची दहीहंडी रद्द करून पैसा पूरग्रस्तांकडे वळवला. चांगलंच केलं.

मात्र पैशाने चिखल निघत नाही. पाणी ओसरल्यावर घराचं दार उघडायला दोघांनी खांदा लावावा लागतो, कारण आत गुडघाभर गाळ बसलेला असतो. फडताळातली डाळ आंबलेली, गाद्या चौघांनाही उचलत नाहीत. तालमीचा हौदासुद्धा सुटत नाही. ताक, तेल, हळद घालून मळलेली लाल माती त्या काळ्या गाळाखाली जाते. तिथे फावडं, घमेलं आणि दमदार पोरं लागतात.

आपल्याकडे गावात मयत झालं की वाजंत्री बंद ठेवतात. ती रीत जपावीच. पण पुरात खेळ थांबवायचा तो नुसत्या सुतकासाठी नव्हे. कुस्तीचं मैदान किंवा मॅरेथॉन भरवायला काय लागतं ते पाहा: टँकर, मांडव, आचारी, मोठी पातेली, डॉक्टर, रुग्णवाहिका, पोलीस बंदोबस्त, शेकडो स्वयंसेवक. पूरग्रस्त गावाला नेमकं हेच हवं असतं. 2012 मध्ये सँडी वादळानंतर न्यूयॉर्कची मॅरेथॉन रद्द झाली, त्याआधी लोक भडकले ते शर्यतीसाठी लावलेल्या जनरेटरांवर. घरं अंधारात होती.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: हा खेळ संकटातल्या माणसाच्या वाट्याचं काही घेतोय का? जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाववर दरडी कोसळल्या. त्याच आठवड्यात सातारा जिल्ह्यातल्याच सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोत ऑलिंपिकला बाण सोडत होता. त्याने धनुष्य खाली ठेवून पाटणला एक फावडंही जास्त मिळालं नसतं. त्याने खेळावं हेच योग्य होतं.

आणि शक्यतो रद्द करू नका, पुढे ढकला. पैलवानाने वर्षभर घरच्यांच्या पोटाला चिमटा घेऊन खुराक खाल्लेला असतो. मैदानाबाहेरच्या भेळवाल्याचीही ती कमाई असते. पूर त्यांच्याही घरात आलेला असतो.

तेव्हा आयोजकांना हात जोडून एवढंच सांगणं: मैदान पुढे ढकलाल त्याच दिवशी नवी तारीख जाहीर करा, आणि टँकर, पातेली, पोरं कोणत्या गावाला धाडली तेही त्याच फलकावर लिहा.