दिलेले दान वाया जाते का?



नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. कबरस्तानात मेणबत्ती लावून परतताना ओळखीच्या एका बाईंनी मला थांबवले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी आपली एक किडनी पतीला दिली होती. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसला बसणारा माणूस पुन्हा पनवेलहून लोकल पकडून कामावर जाऊ लागला. मुलीच्या लग्नात हौसेने मिरवला. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला आणि आठवडाभरात सारे संपले. "किडनी तर चांगली चालत होती," त्या म्हणाल्या. "दीर म्हणतात, पथ्य पाळलं नसेल. मग मी दिलेलं वाया गेलं का हो?"

आधी पथ्याविषयी. शरीर दुसऱ्याच्या किडनीला परकी समजते आणि तिच्याशी लढते. ही लढाई थांबवण्यासाठी आयुष्यभर रोज गोळ्या घ्याव्या लागतात. पण त्याच गोळ्यांनी रोगप्रतिकारशक्ती कमी होते. म्हणून साधा वाटणारा ताप जिवावर बेततो, दबलेला क्षयरोग डोके वर काढतो आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. शिवाय मधुमेह, रक्तदाब आणि किडनीचा जुना आजार यांनी हृदयाचे नुकसान आधीच केलेले असते. हृदयविकार, जंतुसंसर्ग आणि कर्करोग ही अशा रुग्णांच्या मृत्यूची मोठी कारणे आहेत. आपल्या देशात जंतुसंसर्गाचा वाटा विशेष मोठा. कितीतरी जण बसवलेली किडनी नीट चालू असतानाच जातात. तेव्हा माणूस गेला म्हणजे त्याने हेळसांड केली, असा निवाडा आपण करू नये. शोकात असलेल्या घरात तर मुळीच नाही.

आता दुसरा प्रश्न. किती वर्षे मिळाली म्हणजे दान सफल झाले?

१९५४ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. दीर्घकाळ यशस्वी ठरलेले हे पहिले प्रत्यारोपण. दोघे एकसारखे जुळे असल्याने रिचर्डच्या शरीराने ती किडनी नाकारली नाही. तो आठ वर्षे जगला. त्या काळात त्याने आपली शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशी लग्न केले, तो बाप झाला. आपल्या मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९६५ साली मृत व्यक्तीची किडनी बसवण्याचा प्रयत्न झाला. तो रुग्ण थोडेच दिवस जगला. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात यश आले. आज जिवंत नातेवाइकाने दिलेली किडनी साधारणपणे पंधरा-वीस वर्षे चालते आणि डायलिसिसवर राहणाऱ्यांपेक्षा असे रुग्ण सहसा अधिक जगतात. त्या थोड्या दिवसांवर आणि त्या आठ वर्षांवरच आजची ही वर्षे उभी आहेत.

उसने दिलेले परत येण्याची वाट आपण पाहतो. दान देताना हात मोकळा होतो. २००० साली रोम येथे प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या परिषदेत पोप जॉन पॉल दुसरे यांनी अवयवदानाला खरे प्रेमाचे कृत्य म्हटले होते. मात्र ते मोबदल्याविना आणि पूर्ण मोकळ्या मनाने झाले पाहिजे, हेही त्यांनी बजावले. आपल्या देशाच्या १९९४ च्या कायद्यानेही अवयवांच्या विक्रीला बंदी केली आहे. पण मोकळे मन कायद्याने येत नाही. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत आया आणि पत्नी पुष्कळ, घेणाऱ्यांत मात्र पुरुषच अधिक. घरातल्या बाईला "तूच दे" असे गृहीत धरले जाते, तेव्हा तिला नाही म्हणण्याची मुभा खरोखर असते का? हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा.

देणारा हिशेब ठेवत नाही. घेणाऱ्याने मात्र कारभाऱ्यासारखे ते दान सांभाळायचे असते. धन्याने सोपवलेल्या रकमेचा दृष्टान्त आपण जाणतोच. पण गोळ्या महाग असतात, तपासण्या सुटत नाहीत, नोकरी गेली की डोस चुकू लागतात. अशा वेळी सांभाळण्याची जबाबदारी त्या एकट्या रुग्णाची राहत नाही. ऑपरेशनसाठी आपण वर्गणी काढतो, मग विसरतो. पाचव्या वर्षीच्या गोळ्यांसाठी कोणी विचारपूस करतो का? आजारी असताना अशा माणसाच्या घरी जाण्याचे टाळणे, तो घरी नसेल तेव्हा शेजारधर्माने औषध आणून ठेवणे, हीसुद्धा त्या दानातली आपली वाटणी आहे.

त्या बाईंना मी एवढेच म्हणालो, "तुम्ही त्यांना मरणापासून कायमचे वाचवायला निघाला नव्हता. ते कोणाच्याच हाती नाही. तुम्ही त्यांना जगायला दिलेत, आणि ते जगले." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्नात नाचले होते ते." आणि पहिल्यांदाच हसल्या.