सरासरी आणि एकटा

सूर्य का तळपतो, हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतोच. अणुकेंद्रकाला उर्दूत ‘मरकज़ा’ म्हणतात. दोन हलके मरकज़े एकत्र आले की ऊर्जा बाहेर पडते, एवढे सांगून आम्ही फळा पुसतो. खरा पेच त्यापुढे आहे.

सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमान असते. पण दोन प्रोटॉन म्हणजे दोन धनभार, एकमेकांना दूर लोटणारे. जुन्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने मधली भिंत ओलांडायला शेकडो पट अधिक उष्णता हवी. म्हणजे सूर्य पेटायलाच नको होता! 1928 मध्ये जॉर्ज गॅमो यांनी क्वांटमच्या गणिताने दाखवले, की कण भिंत न चढताही पलीकडे सापडू शकतो. शक्यता अत्यल्प, पण शून्य नव्हे. त्यांच्यासमोर किरणोत्सर्गाचा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी ॲटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी तोच विचार ताऱ्यांना लावला. 1938-39 मध्ये हान्स बेथे यांनी सगळी साखळी मांडली.

भिंत ओलांडूनही भागत नाही. त्या क्षणी एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि तेही क्वचितच घडते. सूर्याच्या गाभ्यातला एखादा प्रोटॉन सरासरी काही अब्ज वर्षे वाट पाहतो. तरीही सूर्य दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजन जाळतो, कारण गर्दी अफाट आहे. ही पहिली पायरी इतकी दुर्मीळ, की प्रयोगशाळेत मोजताच येत नाही. तिचा वेग कागदावरच काढावा लागतो. आणि तो हिशेब सूर्याशी जुळतो.

मात्र कुठला प्रोटॉन, केव्हा, हे गणित सांगत नाही.

इथे आम्हांला एक जुनी गोष्ट टोचते. चाचण्यांच्या गुणांवरून आम्ही शिक्षक निकालाचा अंदाज बांधतो, आणि तो बहुधा बरोबर येतो. त्याच भरवशावर एका मुलाच्या वडिलांना आम्ही सांगितले होते, हा दहावी निघणार नाही. ते म्हणाले, “आप बोलते तो ठीकच है, सर.” दुसऱ्या सोमवारी मुलगा गॅरेजात कामाला लागला.

शंभरातले किती नापास होतील हे आम्हांला ठाऊक होते. त्या शंभरातला हा एक आम्हांला ठाऊक होता काय?

प्रोटॉनची सबब मुलाला लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते प्रोटॉनबाबतचे अज्ञान हे आमच्या आळसाचे फळ नाही. त्याला विचारण्यासारखे आत काही उरलेलेच नसते. मुलाला मात्र विचारता आले असते. रात्री तो कुठे अभ्यास करतो, घरात दिवा किती वाजता मालवतात, बीजगणित नेमके कुठल्या पायरीवर अडते. आम्ही विचारले नाही. टक्केवारी हाताशी होती.

परवा स्कूटर घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने कार्ब्युरेटर उघडला, पैसे घेतले नाहीत. चहा मागवला आणि विचारले, “सर, इस साल रिज़ल्ट कितना लगा?”